नॉमिनल रोलबाहेरचा माणूस

साल दोन हजार सहा. आमची इंजिनियर रेजिमेंट तेव्हा पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब, होती. मी नायब सुभेदार, सर्व्हिस एकवीस वर्षं, काम वॉटरमनशिपचं. म्हणजे बोटी, तराफे, तरते पूल आणि पाण्यावर माणूस जिवंत ठेवणं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सकाळी ०९३० वाजता अ‍ॅडज्युटंटने बोलावलं. टेबलावर एकच कागद होता. सी-कयाक एक्सपिडिशन, म्हणजे एकेका माणसाने वल्हवायच्या होड्यांची मोहीम. बारा कयाक, बारा जवान, पाच दिवस, किनाऱ्यावर चार कॅम्प. जागा, बदलापूरजवळचा बारवी धरणाचा जलाशय.

“जाधव साब, तुम्ही तिकडचेच ना?”

“सर. अंबरनाथ.”

“मग रेकी तुमची, प्लॅन तुमचा. पाच आठवडे आहेत.”

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, तलाव म्हणजे सहलीची जागा. लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही, किनारा डोळ्यांसमोर. मी समुद्रात काम केलंय, पुरातल्या नदीत केलंय. धरणाच्या पाण्याइतकं फसवं पाणी दुसरं नाही. खाली काय आहे ते नकाशावर नसतं. गावं असतात, बांध असतात, झाडं असतात.

एक हवालदार आणि दोन जवान घेऊन मी रेकीला आलो. अंबरनाथला शिवमंदिराजवळ आमचं घर. आईच्या हातचं एक जेवण झालं आणि संध्याकाळी आम्ही जलाशयाच्या कडेला तंबू ठोकला. दुसऱ्या दिवशी ०६१५ वाजता धुक्यातून एक होडी आली. दोन माणसं कशीबशी मावतील एवढीच. त्यात एक माणूस उकिडवा बसून जाळं ओढत होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगात बिनबाह्यांचं बनियन, डोक्याला टॉवेल.

“इथं काय करतास तू?” त्याने मला विचारलं.

मी युनिफॉर्ममध्ये होतो. एकवीस वर्षांत मला पहिल्या भेटीत ‘तू’ म्हणणारा हा पहिलाच. नंतर कळलं, ठाकूरवाडीतली माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात. कलेक्टर आला तरी तू, देव असला तरी तू. त्याचं नाव चाहू मेंगाळ. किनाऱ्यावरच्या वाडीत राहायचा. पावसात भात लावायचा, बाकी वर्षभर मासे आणि रानातली मोळी.

पुढचे सहा दिवस मी त्याच्या होडीत बसलो. नकाशा मांडीवर, पेन्सिल कानावर. तो वल्हं मारायचा आणि बोलायचा.

“इथं आंब्याचे बुंधे हायेत. वरून दिसत नाय. पानी उतरला का डोकी काढतात.”

“किती?”

“मोजलं कोनी? आमचीच आमराई ती.”

मी नकाशावर लाल रेघ मारली. त्या खाडीसारख्या आत घुसलेल्या भागाला मी ‘स्टंप बे’ नाव दिलं आणि पुढे लिहिलं: आउट ऑफ बाउंड्स, ऑल रँक्स. म्हणजे तिथे कोणीही जायचं नाही.

वाऱ्याचंही त्यानेच सांगितलं. सकाळी पाणी काचेसारखं असायचं. मी म्हटलं, दिवसभर असंच राहत असेल तर सोपं आहे. तो हसला.

“दोन वाजेपर्यंत थांब. मंग बघ.”

दोनला काही झालं नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी पश्चिमेकडून वारा आला. सगळा जलाशय लांबीला त्याच दिशेत पसरलेला, त्यामुळे वाऱ्याला अडवायला काही नाही. दहा मिनिटांत दीड फुटाच्या लाटा, तुटक आणि जवळजवळ. लांब, अरुंद कयाकला याच लाटा आडव्या पाडतात.

“रोज येतो?”

“रोज नाय. पन येतो त्या दिवशी ह्या पान्यात आमी नाय उतरत.”

त्या एका वाक्यावर माझा सगळा प्लॅन उभा राहिला. हालचाल ०६३० ते १२३० एवढीच. १२३० नंतर एकही कयाक पाण्यावर नाही. दोन रेस्क्यू बोटी, आउटबोर्ड मोटरवाल्या, एक पुढे, एक मागे. त्यात फक्त रेस्क्यू क्रू, दुसरं कोणी नाही. प्रत्येकाला लाईफ जॅकेट, शिट्टी, जोडीदार. कपडे आणि शिधा कोरडा ठेवायला पिशव्या हव्या होत्या. त्या उल्हासनगरला एका सिंधी टेलरकडून ताडपत्रीच्या शिवून घेतल्या. तो म्हणाला, “फौजी साब, डबल सिलाई मारता हूँ, पानी को रास्ता ही नहीं मिलेगा.” एकाही पिशवीत पाणी शिरलं नाही. त्या माणसाने आपलं काम केलं होतं.

प्लॅन बावीस पानांचा झाला. एक्सपिडिशनचे लीडर एक मेजर होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं तर लोक म्हणतील, जाधवने जुना राग काढला. राग आहेच, पण तो काढायला नाव लागत नाही. त्यांनी प्लॅन वाचला, प्रत्येक पानावर सही केली आणि म्हणाले, “एक्सलंट.” मी गाईड म्हणून चाहूचं नाव नॉमिनल रोलमध्ये टाकायला सांगितलं. नॉमिनल रोल म्हणजे मोहिमेवर असणाऱ्या प्रत्येक माणसाची यादी. रेशन, जॅकेट, औषध, सगळं त्या यादीवर निघतं.

“सिव्हिलियन को रोल पे कैसे डालेंगे, साब? कागज वापस आएगा.”

मी स्टोअरमधलं एक जादा जॅकेट काढून चाहूला दिलं. त्याने ते घालून वाडीत फेरी मारली. त्याची बायको तुळशी दारात उभी राहून हसली होती.

पहिले तीन दिवस घड्याळासारखे गेले. पहाटे चहा, ०६३० ला पाण्यात, १२०० च्या आत पुढचा कॅम्प. दुपारी कयाक उपडे, जवान सावलीत. संध्याकाळी मी सगळ्यांना बसवून दिवसाच्या चुका सांगायचो. चाहू होडी घेऊन पुढे असायचा, वाट दाखवत. सॅपर दिनकर पाटोळे त्याच्याकडून मासा भाजायला शिकला. नाईक भोसलेला त्याने होडी उभ्याने चालवायला लावली. भोसले दोनदा पाण्यात पडला. सगळे हसलो. या मोहिमेतलं हसण्यासारखं एवढंच माझ्याकडे आहे.

चौथ्या दिवशी पाहुणे येणार होते. वरच्या हेडक्वार्टरचे एक मोठे अधिकारी, त्यांची फॅमिली आणि त्यांच्या ओळखीची शहरातली काही मंडळी. वेळ १०००. आठ कयाकचा डेमो, नंतर जेवण. १००० ही वेळ प्लॅनमध्ये बसत होती, म्हणून मी हरकत घेतली नाही.

सकाळी स्टोअरचा हवालदार चाहूकडे आला आणि जॅकेट मागून घेऊन गेला. मी तंबूतून बाहेर आलो तेव्हा चाहू बनियनवर उभा होता.

“जॅकेट?”

“नेला. पावन्यांना कमी पडत व्हता.”

मी हवालदाराला गाठलं. तो खाली बघत म्हणाला, “मेजर साहेबांची ऑर्डर आहे, साहेब. रोलवर नाव नाही, त्यांचं परत घ्या म्हणाले.”

हवालदारावर आवाज चढवून काही उपयोग नव्हता. मी मेजरकडे गेलो. ते खुर्च्या मांडून घेत होते. म्हणाले, “आज वो किनारे पे ही रहेगा, साब. किनारे पे जॅकेट का क्या काम?” मी “सर” म्हटलं आणि परत फिरलो. तो ‘सर’ मला आजही तोंडात कडू लागतो.

१००० झाले, पाहुणे नाहीत. ११३०, नाहीत. १२३० ला मी जवानांना कयाक वर ओढायला सांगितलं. मेजर चालत आले.

“किसने बोला?”

“प्लॅनने, सर. साडेबारा.”

“गेस्ट निकल चुके हैं. बदलापूर पहुँचे हैं.”

पाहुणे १३१० ला पोहोचले. शहाळी झाली, फोटो झाले. १३४५ ला आठ कयाक पाण्यात उतरले. मी घड्याळ दाखवलं.

“सर, दोन वाजल्यानंतर वाऱ्याचा भरवसा नाही. डेमो किनाऱ्याजवळ करू.”

“किनारे के पास क्या दिखेगा? सेंटर में जाने दो.”

“मग दोन्ही रेस्क्यू बोटी मध्ये लागतील.”

त्या वेळेपर्यंत एक बोट पाहुण्यांच्या मुलांना घेऊन धरणाच्या भिंतीकडे गेली होती. दुसऱ्या बोटीत स्वतः मोठे अधिकारी आणि त्यांच्या मिसेस चढत होत्या. क्रूमधल्या दोघांना जागा करायला खाली उतरवलं होतं.

“दस मिनट का राउंड है, जाधव साब.”

“सर, माझ्या प्लॅनमध्ये…”

“प्लॅन आपका है. एक्सपिडिशन मेरा है.”

हे वाक्य ते हळू आवाजात बोलले. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून. मीही त्याच कारणाने गप्प बसलो.

१४१५ ला पाण्याचा रंग बदलला. पश्चिमेकडून एक काळी पट्टी सरकत आली. चाहू माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याने त्या पट्टीकडे हात केला. मी शिट्टी वाजवली, तीन लांब. परत फिरण्याची खूण. सहा कयाक वळले. शेवटचे दोन, पाटोळे आणि भोसले, सगळ्यात लांब होते. वळताना दोघेही लाटेला आडवे झाले. १४१९ ला पाटोळे उलटला. कयाकमध्ये माणूस कंबरेला रबरी कापडाने बांधलेला असतो. पाणी आत येऊ नये म्हणून. उलटला की ते एका झटक्यात सोडायचं असतं. पाटोळेचं सुटेना. भोसलेने जवळ जाऊन त्याला ओढला, कापड फाडलं आणि त्यात त्याचाही कयाक उलटला. दोघे पाण्यात, जॅकेटवर तरंगत. वारा त्यांना सरळ स्टंप बेकडे नेत होता.

मी रेडिओ उचलला.

“बोट टू, बोट टू, कंट्रोल. दोन माणसं पाण्यात. स्टंप बेच्या तोंडाशी. तात्काळ जा. ओव्हर.”

“कंट्रोल, बोट टू. साहेब बोटीत आहेत. मॅडम घाबरल्यात. आधी उतरवायला सांगतात. ओव्हर.”

“बोट टू, आहे तशी वळवा. ओव्हर.”

काहीच आलं नाही. मग आवाज आला, “कंट्रोल, वेट. आउट.”

बोट वन धरणाच्या भिंतीपाशी होती, तीन किलोमीटरवर. तिचा रेडिओ लागला नाही.

मी चाहूकडे वळलो. जे झालं तेच लिहितोय. मी ओरडलो, “चाहू, होडी काढ!” त्याने विचारलं नाही का, कुठे. पळत जाऊन त्याने होडी पाण्यात लोटली. मी कंबरभर पाण्यात गेलो आणि कड धरून चढायला लागलो. त्याने माझा हात काढला.

“तू बसलास तर त्या दोघांना कुठं घेऊ?”

आणि गेला. एकटा, गुडघ्यांवर बसून, वल्हं दोन्ही बाजूंना मारत. लाटेच्या अंगाने तिरका. माझ्या सगळ्या सर्व्हिसमध्ये मी त्याच्यासारखी होडी चालवताना कोणाला पाहिलं नाही.

माझ्या अंगावर जॅकेट होतं. सगळे बंद नीट आवळलेले, नियमाप्रमाणे. मी किनाऱ्यावर उभा होतो आणि तो बनियनवर पाण्यात होता. ते काढून त्याच्या होडीत फेकायला मला तीन सेकंद लागले असते. तेव्हा ते सुचलंच नाही.

१४३१ ला तो त्यांच्यापर्यंत पोहोचला. दुर्बिणीतून मला दिसत होतं. पाटोळे पाणी प्यायला होता, मान टाकलेली. चाहूने त्याला काखेत हात घालून आत ओढला. भोसले मागच्या टोकाला लटकला. चाहूने होडी वळवली. तोपर्यंत ते स्टंप बेच्या आत गेले होते. जिथे बुंधे आहेत ते त्याला माहीत होतं, पण भरलेली होडी वाऱ्याच्या विरुद्ध फिरत नव्हती. एका लाटेने होडी उचलली आणि खाली ठेवली ती बुंध्यावर. होडी उलटली. दोन केशरी जॅकेटं वर आली. तिसरं डोकं वर आलं नाही.

बोट टू १४४० ला तिथे पोहोचली. मोठे साहेब आणि मॅडम आधी किनाऱ्यावर उतरले होते. मॅडमच्या चपला कोणीतरी हातात धरून आणल्या. हे मी पाहिलं. पाटोळे आणि भोसले जिवंत मिळाले. भोसले सारखा म्हणत होता, “त्याचं डोकं आपटलं, साहेब. मी हात धरला होता. सुटला.”

आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं. वाडीतली माणसं ट्रकच्या ट्यूबवर बसून, गळ आणि दोर घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ०८२० ला त्यांनाच तो सापडला, दोन बुंध्यांच्या मध्ये. मीही त्या ट्यूबवर होतो. आम्ही त्याला वर घेतला.

तुळशी किनाऱ्यावर बसली होती. रडत नव्हती. माझ्याकडे तिने वर मान करून पाहिलं आणि माझ्या छातीवरच्या जॅकेटला बोट लावलं.

“ह्या तवा कोनाच्या अंगावर व्हता?”

“माझ्या,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. मेजर तोपर्यंत पाहुण्यांना सोडायला शहरात गेले होते.

चौकशी बसली. माझ्यासमोर टाईप केलेली जबानी ठेवली गेली. त्यात होतं: ‘एक स्थानिक इसम स्वतःच्या इच्छेने व जबाबदारीवर पाण्यात उतरला.’ आणि वर एक ओळ, कॅज्युअल्टी निल. म्हणजे कोणी दगावलं नाही. आमच्यातलं कोणी नाही, एवढाच तिचा अर्थ.

“सर, मी त्याला जायला सांगितलं,” मी म्हणालो.

मेजर बाजूलाच बसले होते. ते चौकशी अधिकाऱ्यांना म्हणाले, “दो मिनट देंगे?” बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, “जाधव साब, समझो. आपने ऑर्डर नहीं दी, तो आप सेफ, मैं सेफ. वो तो गया. अपने बच्चों का सोचो.”

मला त्यांचा राग होता, पण त्या क्षणी जास्त राग स्वतःचा आला. कारण एक क्षण मी खरोखर मुलांचा विचार केला. मोठी दहावीत होती. सुभेदारचं प्रमोशन चार महिन्यांवर होतं. ते वाक्य मला सोयीचं होतं आणि त्यांना ते माहीत होतं.

मी आत गेलो आणि टाईप केलेली जबानी बाजूला सारली. हाताने लिहून दिली. जॅकेट कोणी परत घेतलं. बोटी कुठे होत्या. १२३० ची वेळ कोणी मोडली. किनाऱ्यावरून हाक कोणी मारली. नाव: चाहू मेंगाळ. खाली माझी सही.

माझी पानं फायलीला लागली की नाही, मला माहीत नाही. मला वरिष्ठांच्या नाराजीचं पत्र मिळालं. कारण दिलं होतं, परवानगीशिवाय सिव्हिलियनला मोहिमेत गुंतवलं. प्रमोशन आलं नाही. मेजर पुढच्या वर्षी लेफ्टनंट कर्नल झाले. मी चोवीस वर्षं पुरी करून नायब सुभेदारच बाहेर पडलो आणि बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला. बरेच लोक म्हणतात, जाधव, तुम्ही उगाच लिहून दिलंत, त्याने तो परत आला का? नाही आला. पण ‘स्वतःच्या इच्छेने’ या खोट्या शब्दांखाली मी सही केली असती, तर तो त्या कागदावर दुसऱ्यांदा बुडाला असता, आणि या वेळी मी ढकललेला.

भोसले तीन वर्षांनी सीमेवर सुरुंग काढताना गेला. त्याला सलामी मिळाली, गावात कमान उभी राहिली. मिळायलाच हवी होती. चांगला जवान होता. ती तीन वर्षं त्याला कोणी मिळवून दिली, हे त्या कमानीवर कुठेही लिहिलेलं नाही.

दोन हजार अकराच्या सव्वीस जानेवारीला कात्रपमधल्या एका शाळेने मला झेंड्याला बोलावलं. भाषणात आपल्या शहीद सोबत्यांची नावं घ्या, असं मुख्याध्यापक म्हणाले. मी चार नावं घेतली, रँकसकट. भोसले चौथा. पाचवं घेतलं, चाहू मेंगाळ. कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापकांनी वही पुढे केली. बातमी पाठवायची होती.

“जाधव साहेब, हे पाचवे… मेंगाळ. त्यांची रँक लिहायची राहिली.”

“रँक नव्हती.”

“मग कुठल्या युनिटचे?”

“इथलेच. वाडीवर राहायचे. मासे धरायचे.”

त्यांचं पेन थांबलं. “म्हणजे फौजी नव्हते?”

“नाही.”

“मग इथे कसं लिहायचं? यादी शहिदांची आहे.”

मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं. चार नावांखाली, त्याच रेघेत, त्याच आकाराच्या अक्षरात पाचवं नाव स्वतः लिहिलं. पुढे वय लिहिलं, पंचेचाळीस. पत्नी, तुळशी. रँकच्या रकान्यात काही लिहिलं नाही. शेवटच्या रकान्यात लिहायचं होतं, कसे गेले. तिथे लिहिलं: दोन जवानांना आणायला गेले.

वही त्यांना परत दिली आणि घरी आलो.